तक्त्यातलं फुलपाखरू आणि कुंपणावरची रुई

चौथीला शिकवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आधी एक प्रश्न विचारते. परिसर अभ्यास भाग १ मधला ‘प्राण्यांचा जीवनक्रम’ हा पाठ तुम्ही कसा घेतला? खरं सांगा हं. तक्ता लावला, फळ्यावर अंडी, अळी, कोश, प्रौढ असे चार शब्द लिहिले, मुलांनी वहीत गोल करून बाण काढले, झालं. मीही सहा-सात वर्षं असाच घेतला. चाचणीत चार अवस्था विचारल्या की बहुतेक मुलं पैकीच्या पैकी गुण घेतात. मग पाठ शिकवून झाला असं समजून आपण पुढे जातो.

गेल्या वर्षी माझा हा समज मोडला. शाळेच्या कुंपणाला लागून उगवलेल्या रुईने तो मोडला. आज त्याबद्दलच लिहायचं आहे, आणि थोडं भांडायचंही आहे.

आमची शाळा मरोळला. एका बाजूला एमआयडीसीचे गाळे, दुसऱ्या बाजूला मेट्रो, आणि डोक्यावर विमानं. विमान गेलं की मी वाक्य अर्ध्यात सोडते, मुलं थांबतात, आवाज ओसरला की पुढचा शब्द. सवयच झाली आहे. अशा ठिकाणी ‘परिसर’ दाखवायला बाहेर नेणार तरी कुठे, असं मला नेहमी वाटायचं. आरे कॉलनी जवळ आहे खरी, पण चाळीस मुलं घेऊन रस्ता ओलांडायचा म्हणजे परवानगी, पालकांच्या सह्या, सोबत आणखी एक शिक्षक. तेव्हा तक्ता बरा.

जुलैमध्ये एक दिवस मधल्या सुट्टीनंतर वर्गात आरडाओरडा झाला. एका मुलाने कुंपणावरच्या रुईचं एक पान तोडून आणलं होतं आणि त्यावर अळी होती. पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची. अंगावर काळी मऊ शिंगं. “सुरवंट! खाज येते!” म्हणत पहिल्या दोन बाकांवरची मुलं मागे पळाली. मीसुद्धा दोन पावलं मागे सरले, हे कबूल करते. पण त्या मुलाने पान सोडलं नाही. “बाई, हिला केस नाहीत. खाज कशी येईल?”

त्याचं बरोबर होतं. आपण मराठीत सुरवंट म्हटलं की केसाळ, अंगाला लागला तर गांधी उठवणारा प्राणी डोळ्यांसमोर येतो. शिकवताना मात्र ‘फुलपाखराची अळी म्हणजे सुरवंट’ असं सरसकट सांगतो. मग मुलं अळी दिसली की चप्पल शोधतात. त्यांचा काय दोष?

पान एका बरणीत ठेवलं, तोंडाला जाळीचं कापड बांधलं. संध्याकाळी एका मुलीने आईच्या मोबाइलवर बरणीतल्या अळीचा फोटो टाकून नाव शोधलं आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपायच्या आत येऊन सांगितलं, “बाई, ही आपली नाहीये. आफ्रिकन मोनार्क आहे. आफ्रिकेतली.”

मग ती मरोळला कशी आली, यावर वर्गात चर्चा झाली. एकाने हात वर केला. “विमानातून.” सगळ्यांना पटलं. विमानतळ इतक्या जवळ, दुसरीकडून येणार कुठून?

मलाही उत्तर माहीत नव्हतं. त्या रात्री वाचत बसले. मोबाइलने सांगितलेलं नाव चुकीचं नव्हतं. आफ्रिकेत या फुलपाखराला आफ्रिकन मोनार्क किंवा आफ्रिकन क्वीन म्हणतात. आपल्याकडे इंग्रजीत प्लेन टायगर म्हणतात, मराठीत काही जण बिबळ्या कडवा म्हणतात. शास्त्रीय नाव डॅनॉस क्रिसिपस. जात एकच. १७५८ मध्ये लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिलं. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ, अरबस्तान, भारत आणि पुढे थेट ऑस्ट्रेलियापर्यंत ती राहते. म्हणजे ती आफ्रिकेतली आहे आणि मरोळचीही आहे, विमानतळ बांधायच्या कितीतरी आधीपासून. जिथे रुई आणि रुईची भावंडं उगवतात, तिथे हे फुलपाखरू आहे.

इजिप्तमध्ये नेबामून नावाच्या एका अधिकाऱ्याच्या थडग्यात भिंतीवर पाणपक्ष्यांच्या शिकारीचं एक चित्र होतं. आता ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. साधारण सव्वातीन हजार वर्षांपेक्षाही जुनं. त्या चित्रात लव्हाळ्यांवर पक्ष्यांच्या मधे फुलपाखरं उडताना काढली आहेत, आणि ती हीच आहेत. नारिंगी पंख, काळी टोकं, काळ्यावर पांढरे ठिपके. मी ते चित्र मोबाइलवर मुलांना दाखवलं आणि काही न सांगता विचारलं, यातलं ओळखीचं काय आहे? वर्गातल्या अर्ध्या बोटांनी फुलपाखरू दाखवलं. (उरलेल्या अर्ध्यांनी मांजर दाखवलं. चित्रात मांजरही आहे.)

आता तक्त्याकडे येते, कारण माझं भांडण तिथून सुरू होतं.

बरणीतली अळी मोठी होत होती, तेव्हा मी मुलांना तिचं चित्र काढायला सांगितलं. बघून काढा, आठवून नाही. पाच मिनिटांनी मागच्या बाकावरून आवाज आला. “बाई, तक्त्यात चूक आहे.” हा मुलगा एरवी तासाला तोंड उघडत नाही. मी म्हटलं, कसली चूक? तर म्हणे, “तक्त्यातल्या अळीला शिंगांच्या दोन जोड्या आहेत. आपल्या अळीला तीन.”

मी जवळ जाऊन बघितलं. एक जोडी डोक्यामागे, एक मधे, एक शेपटीकडे. तीन. तक्त्यावर डोक्याकडे एक आणि शेपटीकडे एक, दोनच.

तक्ता चुकला नव्हता. तक्त्यातली अळी दुसऱ्याच फुलपाखराची होती. ती होती अमेरिकेतल्या मोनार्कची, जी आपल्याकडे आढळतच नाही. छापणाऱ्याने इंटरनेटवरून सगळ्यात सहज मिळणारं चित्र उचललं असणार. मी इतकी वर्षं मरोळच्या मुलांना अमेरिकेतल्या फुलपाखराचा जीवनक्रम शिकवत होते, आणि त्याचा जवळचा भाऊबंद वर्गाच्या खिडकीपासून पंधरा पावलांवर पानं खात बसला होता. तुमच्या शाळेतला तक्ता बघा. खाली पांढऱ्या फुलांऐवजी गुलाबी फुलांचे झुबके असतील, अळीला दोन जोड्या शिंगं असतील, तर तुमचंही तेच झालं आहे.

यात बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. चार अवस्था तर त्याच ना? हो, त्याच. पण ज्या मुलाने तीन जोड्या मोजल्या, त्याला त्या दिवशी कळलं की छापलेलं तपासून बघता येतं. हे मला तक्त्यावरून कधी शिकवता आलं नसतं.

त्यानंतर आम्ही रुईवरच पाठ घेतला. रोज मधल्या सुट्टीत पाच मुलांचा गट, हातात वही, दहा मिनिटं. त्या वहीवरून सांगते.

मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडं घालते, एका जागी एकच. खसखशीच्या दाण्याएवढं, पांढरं, उभ्या बारीक रेषांचं. ते शोधायला आम्हाला चार दिवस लागले. ज्या मुलीला पहिलं सापडलं ती आठवडाभर वर्गात राणी होती. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि सगळ्यात आधी स्वतःच्या अंड्याचं कवच खाते. मुलांना हे फार आवडलं. “डबा पण खाल्ला!”

रुईचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, हे तुम्हाला माहीत आहेच. तो अळीलाही त्रासाचा असतो, चिकट असतो, तोंड बंद करू शकतो. म्हणून मोठी अळी पान खाण्याआधी देठाजवळची शीर कुरतडते. चिकाचा पुरवठा तिथे तुटतो, पान मान टाकतं, मग ती पुढचा भाग निवांत खाते. हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. एका मुलाने वहीत लिहिलं, ‘अळीने आधी नळ बंद केला.’ ज्या मुलांच्या घरी पाणी दिवसातून ठरावीक वेळच येतं, त्यांना ही उपमा शिकवावी लागत नाही.

चिकात विषारी द्रव्यं असतात. अळी ती अंगात साठवते आणि ती पुढे फुलपाखरातही राहतात. म्हणून पक्षी या फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाहीत. एकदा चव घेतली की तो रंग लक्षात ठेवतात. म्हणूनच हे फुलपाखरू इतकं संथ उडतं, घाई नसल्यासारखं. गंमत म्हणजे दुसऱ्या एका जातीच्या फुलपाखराची मादी हुबेहूब याच्यासारखी दिसते. ती विषारी नाही, पण सोंग घेऊन वाचते. तिचा नर मात्र काळा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा, अगदी वेगळा. मुलांनी यावर विचारलं, मग बापाला कोण वाचवतं? अजून उत्तर दिलेलं नाही.

अळी चार वेळा कात टाकते. आमच्या बरणीतली पहिली अळी बारा-तेरा दिवसांत बोटाच्या दोन पेरांएवढी झाली. मग तिने खाणं सोडलं, जाळीच्या कापडावर चढली, रेशमाचा छोटासा ठिपका केला आणि त्याला शेपटीकडून उलटी लटकली, वाकवलेल्या हुकासारखी. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी ती तशीच होती. दुसऱ्या तासाला पाठीवर चीर पडली, कातडी वर सरकली, आणि मधली सुट्टी व्हायच्या आत तिथे हिरवा, गुळगुळीत, सोनेरी टिकल्यांचा कोश लोंबत होता. तो दिवस गणिताचा होता. गणित झालं नाही.

इथे माझी एक जुनी चूक सांगते. डी.एड.ला असताना पाठाच्या साहित्यासाठी मी थर्मोकोलवर जीवनचक्र केलं होतं. कोशासाठी कापसाचा बोळा चिकटवून तपकिरी रंग दिला होता. मार्गदर्शक मॅडमनी ‘सुंदर’ असा शेरा दिला. तो कोश पतंगाचा होता, रेशीमकिड्याचा. फुलपाखराची अळी बहुतेक वेळा स्वतःभोवती धागे गुंडाळून घर करतच नाही. कातडीच्या आत जी नवी कातडी तयार असते, तोच तिचा कोश. मराठीत दोन्हीला आपण कोशच म्हणतो, म्हणून घोळ होतो. आणि ‘फुलपाखराचे आत्मवृत्त’, ‘मी फुलपाखरू झालो तर’ असे जे निबंध आपण मुलांना लिहून देतो, त्यांत तर फुलपाखरू हमखास धाग्यांचं घर फोडून बाहेर येतं आणि लगेच या फुलावरून त्या फुलावर उडतं. पान कुठेच नाही. मी स्वतः असे निबंध लिहून दिले आहेत. बालपण गाळून आत्मवृत्त लिहायचं म्हणजे कमालच.

नऊ-दहा दिवसांनी कोश काळपट झाला, आतले नारिंगी पंख दिसू लागले, आणि सकाळी शाळा भरायच्या सुमारास फुलपाखरू बाहेर आलं. पंख चुरगळलेले, ओले. खाली लालसर थेंब पडले तेव्हा दोघी-तिघी रडायला लागल्या, रक्त समजून. ते रक्त नसतं, कोशात साठलेला टाकाऊ द्रव असतो. तासाभरात पंख सरळ झाले. मागच्या पंखावर मधे काळे ठिपके मोजायचे, तीन असले तर मादी, चार असले तर नर. आमचा नर होता. खिडकीतून सोडला. अंड्यापासून पंखांपर्यंत सगळं महिन्याच्या आत.

(तुमच्यासाठी एक जास्तीची माहिती, चौथीत सांगायची गरज नाही. पूर्व आफ्रिकेत, नैरोबीच्या आसपास, याच फुलपाखराच्या माद्यांमध्ये स्पायरोप्लाझ्मा नावाचा एक जिवाणू असतो. तो अंड्यातले नर मारतो, म्हणून तिथे काही माद्यांना फक्त मुलीच होतात. ज्यांच्या घरी मुलगी झाली की तोंडं उतरतात अशा पालकांना ही गोष्ट सांगायचा मला मोह होतो.)

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

१५ ऑगस्टच्या आधीचा शुक्रवार. सकाळी शाळेत आले तर कुंपणालगतची रुई नव्हती. स्वच्छतेसाठी सगळं ‘गवत’ काढलं होतं. ती जागा आमच्या आवारात येत नाही, त्यामुळे कोणी विचारायचा प्रश्न नव्हता. ज्यांनी काढली त्यांना दिलेलं काम त्यांनी केलं. मी आधी कोणाला सांगून ठेवलं नव्हतं, हा माझा गाढवपणा. त्या झुडपावर आमच्या वहीप्रमाणे अकरा अळ्या होत्या.

मुलांनी ढीग उपसला. मी थांबवायला हवं होतं, कारण तुटलेल्या रुईतून चीक गळत असतो. मी त्यांना हात धुवायला पाठवलं आणि स्वतः पिशवीत हात घालून शोधलं. सहा अळ्या मिळाल्या. त्यांना खायला घालायला पान नव्हतं. कोथिंबीर घालू का, असं एकीने विचारलं. मग मी वर्गाला विचारलं, अळी दुसरं काही का खात नाही? आणि पहिल्यांदाच मला पाठाचं खरं उत्तर मिळालं. “कारण तिच्या आईने तिला तिथेच ठेवलंय,” एक मुलगी म्हणाली. आई जिथे अंडं घालते ते पानच तिचं ताट. रुई नाही तर रुईच्या कुळातलंच दुसरं झाड, कुंडीतलं हळदीकुंकू वगैरे. गुलाब, झेंडू, जास्वंद कितीही लावा, ही अळी उपाशी मरेल.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. एक मुलगी शाळेत आली ती हातात रुईच्या पानांचा हार घेऊन. मारुतीच्या देवळाबाहेरून आणला होता, वीस रुपयांना, खाऊच्या पैशातून. हारवाल्या मावशींना तिने कशाला हवा ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं बाळा, भोकं पडलेली पानं मी काढूनच टाकते. ती घेऊन जा ना, फुकट.” पिशवीभर भोकांची पानं आली. त्यातल्या एका पानाखाली अंडं होतं.

सहापैकी दोन अळ्या मेल्या. चार कोश झाले. एका कोशातून फुलपाखराऐवजी एक पांढुरकी अळी धाग्यावरून खाली उतरली आणि पुढे तिची माशी झाली. ही माशी फुलपाखराच्या अळीच्या जिवावरच वाढते. मुलं चिडली, माशीला मारायचं म्हणाली. मी मारू दिलं नाही. तिलाही चार अवस्था आहेत, अंडी-अळी-कोश-प्रौढ, वहीत लिहून घ्या म्हटलं. एका मुलाने लिहिलं, पण रागाने, कागद फाटेपर्यंत दाबून. तीन फुलपाखरं उडाली.

आता काही पालकांचं म्हणणं. एकांनी ग्रुपवर लिहिलं, पोरांना अळ्या हाताळायला लावता? रुईचा चीक डोळ्यात गेला तर? हा आक्षेप मला मान्य आहे. चीक डोळ्यात जाणं खरंच धोक्याचं आहे, बुबुळाला इजा होते. म्हणून आता आमचा नियम आहे: पान फक्त बाई तोडतात, मुलं हात मागे बांधून बघतात, वर्गात येण्याआधी साबणाने हात धुतात. चुकून डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्याने डोळा धुवायचा आणि लगेच डॉक्टरकडे न्यायचं. वर्गात एका वेळी दोनच अळ्या, बाकीच्या झुडपावर. पण या भीतीपोटी रुईच उपटायची, हे मला मान्य नाही. त्याच घरांत दर शनिवारी रुईचा हार येतो. हात लावायची रीत शिकवता येते, तशी हारवाल्या मावशींनाही कोणीतरी शिकवलीच असेल.

दुसरा आक्षेप माझ्याच सहकाऱ्यांचा. अभ्यासक्रम कधी संपवायचा? दहा मिनिटं रोज, महिनाभर, एवढाच वेळ गेला. आणि शाळा जूनमध्ये सुरू होते, हा पाठ पुस्तकात सुरुवातीलाच आहे, पाऊस पडला की रुईला कोवळी पानं येतात. इतकं जुळून आलेलं असताना आपण खिडकी बंद करून तक्ता लावतो.

हल्ली शाळांत, सोसायट्यांत ‘बटरफ्लाय गार्डन’ करायची हौस आली आहे. चांगलं आहे. पण नर्सरीतून आणलेली रंगीत फुलं, मधे सिमेंटचं फुलपाखरू आणि पानाला भोक दिसलं की फवारणी, हे कसलं गार्डन? फुलं म्हणजे हॉटेल. बाळंतपण पानावर होतं. ठाण्याला घोडबंदर रोडवर ओवळ्याला राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या वाडीत फुलपाखरांची बाग केली आहे. तिला जाळी नाही, छप्पर नाही. अळ्यांना लागणारी झाडं लावली, फुलपाखरं आपसूक आली. एकदा मुलांना घेऊन जा. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला, देशात आपण पहिले. सामान्यज्ञानाच्या परीक्षेत हे विचारतात. त्याची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते, हे कोणी विचारत नाही.

माझी मागणी लहान आहे. शाळेच्या आवारात एका कोपऱ्यात रुईचं एक झुडूप राहू द्या. जिथे मुलांची वर्दळ नाही, खेळण्याची जागा नाही, अशा ठिकाणी. भोवती चार विटा लावा, पाटी लावा, आणि सफाईला येणाऱ्या दादांना, मावशींना आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं नाही, त्याची किंमत पाच अळ्यांनी दिली. तेवढीही जागा नसेल तर कढीपत्त्याची किंवा लिंबाची कुंडी ठेवा, तिच्यावर दुसऱ्या जातीची फुलपाखरं अंडी घालतात. आणि तक्ता लावायचाच असेल तर शेवटी लावा, मुलांना त्यातल्या चुका शोधायला.

रुई चिवट असते. वरून कापली तरी मूळ राहतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर बुंध्याला चार कोंब फुटले होते. मार्चपर्यंत कमरेएवढं झालं. यंदा जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात पाचवीत गेलेल्या त्याच मुलाने, तीन जोड्या शिंगं मोजणाऱ्याने, पुठ्ठ्याची पाटी करून आणली. ‘हे गवत नाही. इथे लहान मुलं राहतात.’ पावसात पुठ्ठा भिजला म्हणून आता जुन्या पाटीवर खडूने लिहून टांगली आहे. अक्षर रोज पुसतं, तो रोज पुन्हा लिहितो.

काल नव्या चौथीच्या गटाने मोजलं. पानांखाली सात अंडी, एक रिकामं कवच, आणि ते कवच खाणारी एक अळी.